एका गोळीने महायुद्ध होत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत पहिल्या महायुद्धावर आलेला लेख वाचला. साराजेव्होत एका माथेफिरू तरुणाने ऑस्ट्रियाच्या युवराजावर गोळी झाडली आणि जग पेटले, असा त्याचा सूर होता. त्याच पानावरच्या टिपणात आजच्या युद्धांचा सगळा दोष दोन-तीन नेत्यांच्या अहंकारावर टाकला होता. मी खानापूर तालुक्यात २८ वर्षे राज्यशास्त्र शिकवले, तेही मराठीतून. दरवर्षी पहिल्या तासाला वर्गातून हेच उत्तर यायचे आणि ते पुसायला निम्मे वर्ष जायचे. म्हणून पत्र जरा लांबले तरी छापावे, ही विनंती.

आमच्या गावात चावडीच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी आहे. या गावातून महायुद्धाला किती गेले आणि किती परत आले नाहीत, एवढेच तिच्यावर कोरले आहे. माझे पणजोबा परत आलेल्यांपैकी. साराजेव्होतली हत्या २८ जून १९१४ ची. ६ नोव्हेंबरला ब्रिटिशांच्या हिंदी फौजेतल्या पुणे डिव्हिजनचे सैन्य इराकच्या दक्षिण टोकाला, फाव इथे उतरले होते. पुढे त्याच डिव्हिजनमधल्या मराठा पलटणी तायग्रिस नदीवरच्या कुत गावी तुर्कांच्या १४७ दिवसांच्या वेढ्यात अडकल्या आणि २९ एप्रिल १९१६ ला उपासमारीने शरण गेल्या. ऑस्ट्रियाच्या युवराजाच्या खुनापायी आमच्या डोंगरातला पोरगा तायग्रिसच्या काठी उपाशी का बसतो, याचे उत्तर त्या एका गोळीत सापडत नाही.

केनेथ वॉल्ट्झ या अमेरिकन अभ्यासकाने १९५९ साली युद्धाची कारणे तीन पातळ्यांवर शोधायला सांगितले: माणूस, राज्य (म्हणजे देश) आणि देशादेशांमधली व्यवस्था. आपला लेख पहिल्याच पायरीवर थांबला. खरी गुंतागुंत तिसऱ्या पायरीवर आहे आणि ती समजायला आपल्याकडे लांब जावे लागत नाही. भाऊबंदकी बघितली की पुरे.

वाटणीनंतर एका भावाला चोरीची भीती वाटली आणि त्याने रात्री शेतावर राखणीला माणूस बसवला. त्याच्या मनात काही वाईट नाही. पण बांधापलीकडच्याला वाटते, हा आज राखतोय, उद्या माझ्या बांधावर येईल. तो दोन माणसे बसवतो. मग हा कुऱ्हाड परजून ठेवतो. दोघेही फक्त स्वतःला जपत असतात आणि दोघेही आधीपेक्षा जास्त असुरक्षित होतात. राज्यशास्त्राचे अभ्यासक जॉन हर्ट्झ यांनी १९५० साली याला सुरक्षेचा पेच म्हटले, पुढे रॉबर्ट जर्व्हिस यांनी तो सविस्तर मांडला. गावात निदान तलाठी आहे, पोलीस आहेत, कोर्ट आहे. देशांच्या वर कोणीच नाही.

यापुढचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. अर्ध्या एकरासाठी दोन भाऊ बेळगावच्या कोर्टात वीस वर्षे खेटे घालतात. वकिलाची फी आणि एसटीचे भाडे धरले तर त्या जमिनीच्या किमतीपेक्षा खर्च जास्त, हे दोघांना पहिल्या तारखेलाच कळलेले असते. मग तडजोड का होत नाही? जेम्स फीअरन या अमेरिकन अभ्यासकाने १९९५ साली युद्धाबद्दल नेमका हाच प्रश्न विचारला. युद्ध दोघांनाही महाग पडते, तर त्या खर्चाच्या आतली एखादी तडजोड कुठेतरी असणारच. ती हाताला का लागत नाही?

त्यांनी तीन कारणे दिली. पहिले, प्रत्येक जण आपली कागदपत्रे दडवून ठेवतो आणि बाजू आहे त्यापेक्षा भक्कम दाखवतो. दुसरे, आज दिलेला शब्द उद्या पाळला जाईल याची खात्री नसते. भावाची तीन पोरे अजून लहान आहेत, दहा वर्षांनी ती हाताशी आली की तो भाऊ कबूल केलेली वाट बंद करील, मग आताच काय तो निकाल लागू दे, असा हा हिशेब असतो. तिसरे, काही गोष्टींची वाटणीच होत नाही, उदाहरणार्थ कुळदैवताची जागा. या तिसऱ्या कारणाला फीअरन स्वतः फारसे वजन देत नाहीत, आणि मलाही ते पटते. मनात आले तर देवाची पाळीसुद्धा वाटून घेता येते.

आता हेच १९१४ ला लावून बघा. इंग्लंडचा राजा पाचवा जॉर्ज आणि जर्मनीचा कैसर हे दोघे व्हिक्टोरिया राणीचे नातू. रशियाचा झार जॉर्जचा मावसभाऊ, आणि झारची बायको व्हिक्टोरियाची नात. खरी भाऊबंदकीच होती. जर्मन सेनाधिकाऱ्यांना धास्ती होती रशियाच्या वाढीची. फ्रान्सच्या कर्जातून रशियाचे लोहमार्ग वाढत होते आणि त्याचा सैन्यविस्तार १९१७ पर्यंत पुरा व्हायचा होता. पोरे मोठी व्हायच्या आत निकाल लावावा, हा तोच हिशेब. इकडे इंग्लंड लढणार की बाजूला राहणार, हे जुलैच्या शेवटापर्यंत बर्लिनला स्पष्ट झाले नाही. त्यात प्रत्येक सैन्याच्या योजना रेल्वेच्या वेळापत्रकावर बसवलेल्या. २९ जुलैला झारने सगळे सैन्य युद्धासाठी गोळा करण्याचा हुकूम मागे घेतला आणि दुसऱ्याच दिवशी पुन्हा दिला. १ ऑगस्टला कैसरने सगळे सैन्य पूर्वेकडे, रशियावर वळवता येईल का असे विचारले, तेव्हा सेनापती मोल्टके यांनी ते शक्य नाही असे सांगितले. गाड्या पश्चिमेकडे, फ्रान्सच्या दिशेने निघायच्या ठरलेल्या होत्या. एकेका माणसाला दोष देणाऱ्याने या दोन दिवसांकडे जरूर बघावे. थांबावे असे मनात आलेली माणसे तिथे होती, आणि थांबायला जागा उरली नव्हती.

पण याच चष्म्यातून सगळी युद्धे दिसतात असे मी म्हणणार नाही. १९३९ वेगळे होते. हिटलरला भीतीपेक्षा हाव जास्त होती. म्युनिकला १९३८ मध्ये ब्रिटन-फ्रान्सने त्याला चेकोस्लोव्हाकियाचा भाग दिला, त्याने तो थांबला नाही. तिथे माणूस आणि त्याची राजवट, म्हणजे वॉल्ट्झ यांच्या पहिल्या दोन पायऱ्या, टाळताच येत नाहीत. घोटाळा असा होतो की एका युद्धाचा धडा दुसऱ्याला लावला जातो. १९१४ सारखे नको म्हणून १९३८ मध्ये नमते घेतले. १९३८ सारखे नको म्हणून १९५६ मध्ये ब्रिटनचे पंतप्रधान ईडन इजिप्तच्या नासरवर चालून गेले आणि सुएझमधून हात हलवत परतले. समोरचा घाबरलेला आहे की हावरा, हे आधी ओळखावे लागते, आणि घाबरलेल्याला हावरा समजण्याची चूक मला तरी अधिक वेळा दिसते.

लोकशाही देश आपसात लढत नाहीत, असेही एक मत आहे. त्याचे मूळ जर्मन तत्त्वज्ञ कान्टच्या १७९५ च्या निबंधापर्यंत जाते आणि त्यात बरेच तथ्य आहे. पण १९९९ मध्ये कारगिलच्या वेळी दिल्ली आणि इस्लामाबाद, दोन्हीकडे निवडून आलेली सरकारे होती. आमच्या महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागातल्या फौजी घरांना तो उन्हाळा विसरता येत नाही.

अलेक्झांडर वेंट हे अभ्यासक म्हणतात की शत्रू आणि मित्र हे नाते देश आपल्या वागण्यातूनच घडवतात. हे मला पुस्तकाआधी आमच्या गल्लीने शिकवले. शेजारचे कन्नड कुटुंब आणि आम्ही सौंदत्तीच्या यल्लम्माला एकाच गाडीतून जातो, वाटेत एकाच डब्यातले खातो. तोच शेजारी आणि तोच मी १ नोव्हेंबरला वेगळ्या मिरवणुकीत असतो, त्याच्या घरी राज्योत्सव, आमच्याकडे काळा दिन. माणसे तीच, पण कोणत्या दिवशी ‘आपण’ कोण ठरतो, हे बदलते. महाराष्ट्रात जाण्याचे आमचे मागणे आम्ही सनदशीर मार्गाने मागत राहू, २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. वर सांगितलेले कोर्ट ते हेच, आणि देशादेशांमध्ये नसते तेही हेच.

संपादक महोदय, सीमाभागातली मराठी मुले अभ्यासिकांमध्ये हे सगळे सिद्धांत इंग्रजी गाइडमधून पाठ करतात आणि परीक्षेनंतर विसरतात. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र ज्या बेळगावात आहे, तिथल्या मराठी वर्तमानपत्रात क्षेपणास्त्राचा पल्ला किती ते रोज छापून येते. कोण कोणाला का घाबरला आणि कोणत्या शब्दावरचा विश्वास उडाला, तेही यावे. महिन्यातून एका रविवारी अर्धे पान दिलेत तरी चालेल. वर्गात वापरलेली टिपणांची वही माझ्याकडे आहे. ती मी आपल्या कार्यालयात आणून देतो, मोबदला नको.

आपला,
एक निवृत्त शिक्षक
ता. खानापूर, जि. बेळगाव