रॉथ आयआरएत पैसे जास्त गेले, तर…

मा. संपादक,
स. न.

अमेरिकेत नोकरी करणाऱ्या मराठी तरुणांनी रॉथ आयआरए, म्हणजे कर भरून झालेले पैसे निवृत्तीसाठी साठवायचे खाते, उघडावे, असा सल्ला अर्थविषयक पुरवण्यांतून नेहमी दिला जातो. सल्ला चांगलाच आहे. पण या खात्याला उत्पन्नाची मर्यादा आहे, आणि ती ओलांडल्यावर काय करायचे हे सांगायचे बहुधा राहून जाते. खाते सांभाळणारी कंपनी वर्षात किती डॉलर भरले एवढेच बघते, तुमचे उत्पन्न तिला ठाऊक नसते. पैसे मुकाट्याने जमा होतात आणि घोटाळा कळतो तो रिटर्न भरताना.

२०२५ या करवर्षासाठी पन्नाशीच्या आतल्यांना ७ हजार डॉलर भरता येतात. एकट्याने रिटर्न भरणाऱ्याचे एमएजीआय, म्हणजे या कामापुरते मोजायचे उत्पन्न, १ लाख ५० हजारांवर गेले की ही रक्कम घटू लागते आणि १ लाख ६५ हजारांना शून्य होते. संयुक्त रिटर्नसाठी हे आकडे २ लाख ३६ हजार आणि २ लाख ४६ हजार आहेत.

आपली माणसे बऱ्याचदा अडकतात ती भारतातल्या उत्पन्नात. एनआरई (अनिवासी भारतीयांच्या) ठेवीचे व्याज भारतात करमुक्त, म्हणून ते कुणी धरतच नाही. अमेरिकेत ते पूर्ण करपात्र आहे. पुण्यातल्या फ्लॅटचे निव्वळ भाडेही मोजले जाते. दुसरा खड्डा वेगळ्या रिटर्नचा. जोडीदाराकडे आयटीआयएन, म्हणजे अमेरिकेतला करदाता क्रमांक, नाही म्हणून विवाहित माणूस वेगळे रिटर्न भरतो आणि वर्षातला काही काळ जरी दोघे एकत्र राहिले असतील, तरी १० हजार डॉलर उत्पन्नालाच मर्यादा संपते. म्हणजे जवळजवळ कुणालाच रॉथ नाही! जोडीदाराचा आयटीआयएन काढून संयुक्त रिटर्न भरणे हा त्यावर उपाय, मात्र मग जोडीदाराचे भारतातले उत्पन्नही दाखवावे लागते.

आता दुरुस्ती. समजा, संयुक्त रिटर्न भरणाऱ्या जोडप्याचे एमएजीआय २ लाख ४० हजार आहे. १० हजारांच्या पट्ट्यात ते ४ हजार आत शिरले, म्हणून मर्यादा ४० टक्क्यांनी कमी: प्रत्येकी ४,२०० डॉलर. ज्याने ७ हजार भरले त्याचे २,८०० जादा. एवढेच काढून भागत नाही, त्यावरची कमाईही काढावी लागते. पैसे भरण्याच्या क्षणी खात्यात आधीचे २० हजार होते, भरल्यावर २७ हजार झाले आणि काढताना २९,७०० आहेत, तर वाढ १० टक्के. म्हणून २,८०० अधिक २८०, एकूण ३,०८०. खाते तोट्यात असेल तर २,८०० पेक्षा कमीच निघतील, आणि तेही चालते.

इथे संकेतस्थळावरचे नेहमीचे ‘पैसे काढा’ बटण दाबू नका. तसे केल्यास तो साधा उपसा म्हणून नोंदला जातो. कंपनीकडून ‘रिटर्न ऑफ एक्सेस कॉन्ट्रिब्युशन’चा अर्ज मागा, त्यात करवर्ष लिहा, कमाईचा हिशेब बहुतेक कंपन्या करून देतात. मुदत रिटर्नच्या तारखेपर्यंत. रिटर्न १५ एप्रिलच्या आत भरले असेल तर १५ ऑक्टोबरपर्यंत सवलत मिळते, पण सुधारित रिटर्न द्यावे लागते. ज्या कॅलेंडर वर्षात पैसे भरले, त्या वर्षाच्या उत्पन्नात ते कमाईचे २८० डॉलर जातात. २०२५ मध्ये भरून २०२६ मध्ये काढले, तर पैसे काढल्याचा कंपनीचा फॉर्म, १०९९-आर, २०२७ च्या जानेवारीत येईल. त्याची वाट पाहत बसू नका, कमाई २०२५ च्याच रिटर्नमध्ये दाखवा. या कमाईवरचा १० टक्के दंड २०२२ च्या अखेरीस झालेल्या कायद्याने गेला, तरी जुने लेख वाचून लोक अजून घाबरतात.

पैसे काढायचे नसतील तर त्याच मुदतीत ते कमाईसकट ट्रॅडिशनल आयआरएत, म्हणजे एरवी भरताना वजावट आणि काढताना कर अशा निवृत्ती खात्यात, वळवता येतात. याला रीकॅरेक्टरायझेशन म्हणतात. नोकरीत ४०१(के), म्हणजे कंपनीमार्फतची निवृत्ती योजना, असेल तर या उत्पन्नाला त्यावर वजावट मिळत नाही, म्हणून फॉर्म ८६०६ भरून ‘यावर कर भरलेला आहे’ अशी नोंद ठेवाच. पुढे ते रॉथमध्ये रूपांतरित करता येतात, हाच तो बॅकडोअर रॉथ. पण जुन्या कंपनीचा ४०१(के) ट्रॅडिशनल आयआरएत आणून ठेवला असेल तर जपून. तिथे कर न भरलेले ६३ हजार आणि हे ७ हजार असतील, तर रूपांतराचा ९० टक्के भाग करपात्र ठरतो. आयआरएस, म्हणजे अमेरिकेचे करखाते, ३१ डिसेंबरची सगळी शिल्लक एकत्र धरते. ‘मी फक्त नवे ७ हजार हलवले’ हे चालत नाही. नव्या कंपनीचा ४०१(के) घेत असेल तर जुने पैसे वर्ष संपण्याआधी तिकडे हलवावेत.

मुदत टळली तर फॉर्म ५३२९ वर ६ टक्के दंड, म्हणजे २,८०० वर १६८ डॉलर, आणि जादा रक्कम राहील तितकी वर्षे दरवर्षी. तेव्हा मात्र फक्त २,८०० काढावे लागतात, कमाई आत राहते. किंवा पुढच्या वर्षी उत्पन्न मर्यादेत आले तर तेवढे कमी भरून जुना जादा आकडा जिरवता येतो.

मर्यादेच्या आसपास असणाऱ्यांनी जानेवारीतच पैसे भरायची घाई करू नये. वर्षाचे योगदान पुढच्या १५ एप्रिलपर्यंत भरता येते. डब्ल्यू-२ (पगाराचा वार्षिक दाखला) आणि एनआरई व्याजाचा दाखला हातात आल्यावर भरावे.

आपला,
एक वाचक, न्यू जर्सी