तोफ मागच्या डेकवरच का होती?

संपादक महोदय,

५ एप्रिलला राष्ट्रीय सागरी दिन येतो, किनाऱ्यावर भाषणं होतात. युद्धातल्या शौर्याचा विषय निघाला की बोलणं नौदलापाशी सुरू होतं आणि तिथंच संपतं. मालवाहू जहाजावरचा खलाशी, यंत्रांना तेल घालणारा ऑइलमन, शिकाऊ अधिकारी म्हणजे कॅडेट कुणाच्या तोंडी नसतो. ज्या रत्नागिरीतून परदेशी आगबोटींवर माणसं चढली, तिथं तरी हे खटकायला हवं. अमेरिकेच्या 'स्टीफन हॉपकिन्स' या लिबर्टी जहाजाची (दुसऱ्या महायुद्धात घाऊक बांधलेल्या मालवाहू जहाजांपैकी एक) हकीकत म्हणूनच इथे देत आहोत.

लांबी ४४१ फूट, अडीच हजार अश्वशक्तीचं वाफेचं इंजिन, वेग जेमतेम ११ नॉट. केपटाउनहून बॉक्साइट भरायला हे जहाज रिकामं दक्षिण अमेरिकेकडे निघालं होतं. २७ सप्टेंबर १९४२ रोजी धुरकट हवेत त्याची गाठ व्यापारी जहाजाचं सोंग घेतलेली जर्मन लढाऊ बोट 'श्टीअर' आणि तिच्या सोबतचं रसद जहाज 'टॅनेनफेल्स' यांच्याशी पडली. श्टीअरवर १५० मिलिमीटरच्या ६ तोफा. हॉपकिन्सवर मोठी म्हणावी अशी एकच, चार इंची. पुढे दोन ३७ मिलिमीटरच्या, बाकी मशीनगन.

मोठी तोफ मागच्या डेकवर होती, कारण व्यापारी जहाजाने पळता पळता बचाव करायचा, चढाई करायची नाही, असा जुना संकेत. कॅप्टन पॉल बक यांनी पळ काढण्याऐवजी त्याच मांडणीचा उपयोग केला. जहाज वळवून पाठ शत्रूकडे केली. त्यामुळे तोफेला नेम मिळाला आणि ४४१ फुटांच्या कुशीऐवजी ५७ फुटांची रुंदी तेवढी समोर राहिली. पण बॉयलरला गोळा लागला. वाफ गेली की लिबर्टी जहाज ओंडक्यासारखं तरंगतं. वळताही येत नाही.

चार इंची तोफ एकट्याचं काम नव्हे. एकाने ती आडवी फिरवायची, दुसऱ्याने नळी वरखाली करायची, तिसऱ्याने अंतर लावायचं, बाकीच्यांनी गोळे द्यायचे. तोफेसाठी जहाजावर नेमलेले नौदलाचे तोफची एकेक करून पडले. त्यांचे अधिकारी केनेथ विलेट पोटात जखमी होऊनही तोफेवर होते. शेवटी ते तराफे सोडवताना दिसले. मग इंजिनाकडचा १८ वर्षांचा कॅडेट एडविन ओ'हारा वर आला आणि उरलेले पाचही गोळे त्याने डागले. तोफ त्याच्या खात्यातलं काम नव्हतंच. अशा जहाजांवर नागरी खलाशांकडूनही गोळे भरण्याची कवायत करून घेत, ती इथे कामी आली. तो वाचला नाही.

श्टीअरचं सुकाणू अडकलं, तेलाची नळी तुटून इंजिन बंद पडलं, आग आटोक्यात येईना. हॉपकिन्स बुडालं, काही तासांतच श्टीअरही जर्मनांना सोडून द्यावी लागली.

आमच्या मते खरी कसोटी पुढची. १९ जण एका लाइफबोटीत, आणि त्यांत अधिकारी एकच, तोही डेकचा नव्हे: दुय्यम इंजिनिअर जॉर्ज क्रॉन्क. आफ्रिका टाळून बोट पश्चिमेला न्यायचं कारण वारा. तिथले व्यापारी वारे आग्नेयेकडून वाहतात आणि जहाजाची लाइफबोट आपल्या होडीसारखी वाऱ्यावर चढत नाही, वारा पाठीवर घेऊनच चालते. पाणी पावसाचं, शिडात धरलेलं. त्यातही पहिली ओंजळ टाकून द्यावी लागते. शिडावरचं मीठ तिच्यात उतरतं. ३१ दिवसांनी बोट ब्राझीलला लागली तेव्हा १५ जण जिवंत होते.

महायुद्धातल्या या व्यापारी खलाशांना अमेरिकेने माजी सैनिकाचा दर्जा दिला तो १९८८ साली. मुंबईत मशीद बंदरच्या इंडियन सेलर्स होममध्ये पहिल्या महायुद्धातल्या आपल्या खलाशांचं स्मारक आहे. दाभोळ, जयगड, जैतापुरात ज्यांच्या माळ्यावर आजोबा-पणजोबांची डिस्चार्ज बुकं पडून असतील, त्यांनी ती या पावसाळ्याआधी बाहेर काढावीत. जहाजाचं नाव, चढल्याची आणि उतरल्याची तारीख, हुद्दा अशा नोंदी त्यांत असतात. वाळवी लागण्याआधी प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवावा.

— काही निवृत्त दर्यावर्दी, दाभोळ (जि. रत्नागिरी)