पंचवटीतल्या तालमीच्या वस्तादांना, पोरं वेळेत पाठवल्याबद्दल

वस्ताद, सप्रेम नमस्कार.

छाती स्तनासारखी वाढली म्हणून तुमच्या तालमीतलं पोरगं ओपीडीत येतं ते हातात चिठ्ठी घेऊनच. वय किती, छाती कधीपासून वाढली, दुखते का, गोळी-इंजेक्शन-पावडर काय चालू आहे. चार ओळी, पण अर्धं निदान त्यातच झालेलं असतं. नाशिकमधल्या आम्हा काही सर्जन आणि हॉर्मोनतज्ज्ञांकडून त्याबद्दल मनापासून आभार. पत्र उघड लिहितोय, कारण गंगापूर रोडपासून सातपूरपर्यंतच्या जिमवाल्यांनी आणि पोरांच्या आईवडिलांनीही ते वाचावं.

तुम्ही पोरांना लंगोटावर रोज पाहता. एखादा बनियन काढायला लाजू लागला, की इतर जण चिडवतात आणि तुम्ही बाजूला घेऊन विचारता. मुख्य म्हणजे ‘अजून दोनशे जोर मार, बसेल’ असं सांगत नाही. बेंच प्रेसने वाढलेली स्तनाची ग्रंथी विरघळत नाही. खालचा स्नायू भरतो आणि तिला उलट पुढे ढकलतो. वजन उतरवलं तर चरबी जाते, ग्रंथी असेल तर ती राहते आणि जास्तच उठून दिसते.

चरबी की ग्रंथी, हे बोटांना कळतं. पोराला उताणं झोपवायचं, हात डोक्याखाली. अंगठा आणि तर्जनी छातीच्या दोन बाजूंना ठेवून हळूहळू स्तनाग्राकडे आणायची. नुसती चरबी असेल तर बोटं विनाअडथळा जवळ येतात. ग्रंथी असेल तर स्तनाग्राच्या बरोबर खाली खोडरबरासारखी घट्ट, हलणारी चकती लागते, कधी दुखरी. हाच गायनॅकोमॅस्टिया, म्हणजे पुरुषात स्तनाची ग्रंथी वाढणं. गाठ दगडासारखी कडक, मध्यापासून बाजूला, त्वचेला किंवा खाली चिकटलेली असेल, त्वचेवर खळी पडत असेल, स्तनाग्रातून रक्त येत असेल किंवा काखेत गाठ असेल, तर त्याच आठवड्यात दाखवायचं. स्तनाच्या एकूण कॅन्सरपैकी सुमारे १ टक्का पुरुषांत होतो. कमी आहे, पण तो उशिरा सापडतो, कारण पुरुषाला हे होतं हेच कुणाच्या मनात येत नाही.

तेराव्या-चौदाव्या वर्षी छाती थोडी वाढली, तर बहुतेकदा ते वयाचंच लक्षण. त्या काळात इस्ट्रोजेन (स्त्री-हॉर्मोन) आणि टेस्टोस्टेरॉनचा (पुरुष-हॉर्मोन) तोल काही महिने ढळतो. बहुतेकांची वाढ सहा महिने ते दोन वर्षांत आपोआप ओसरते. अशा पोराला ना गोळी लागते, ना चाकू. डॉक्टरांनी एकदा नीट तपासावं, एवढं पुरे. त्या तपासणीत अंडकोष पाहायलाच हवेत, आणि नेमकं हेच घाईत राहून जातं. ते लहान आणि घट्ट असतील तर क्लाइनफेल्टर सिंड्रोमची, म्हणजे जन्मतः एक्स गुणसूत्र जास्तीचं असण्याची, शंका घ्यावी लागते. अंडकोषात गाठ लागली तर सोनोग्राफी आणि रक्तातलं बीटा एचसीजी (अंडकोषाच्या काही कॅन्सरमध्ये वाढणारं हॉर्मोन). मोठ्या वयात छाती वाढली तर रक्ताच्या तपासण्या: लिव्हर, क्रिएटिनिन (किडनीसाठी), थायरॉइड, प्रोलॅक्टिन, एलएच, इस्ट्राडायॉल ही हॉर्मोन्स आणि सकाळी ८ ते १० दरम्यानचं टेस्टोस्टेरॉन. दुपारी काढलेलं टेस्टोस्टेरॉन कमी भरतं आणि उगाच घोळ होतो.

चिठ्ठीतली गोळ्यांची ओळ आम्ही सगळ्यात आधी वाचतो. बीपी-हृदयासाठीचं स्पायरोनोलॅक्टोन, बुरशीवरचं केटोकोनाझोल, केसांसाठी किंवा प्रोस्टेटसाठीचं फिनास्टेराइड, मानसिक आजारासाठीचं रिस्पेरिडोन यांनी छाती वाढू शकते. दारूनेही. मात्र डॉक्टरांची गोळी मनाने बंद करायची नाही, ज्यांनी दिली त्यांनाच बदलायला सांगायचं. जिममधल्या स्टेरॉइड इंजेक्शनांच्या ‘कोर्स’ची गोष्ट वेगळी. बाहेरून टोचलेल्या टेस्टोस्टेरॉनचा काही भाग शरीर इस्ट्रोजेनमध्ये बदलतं. कोर्स थांबला की स्वतःचं टेस्टोस्टेरॉन तळाला गेलेलं असतं आणि इस्ट्रोजेनचं पारडं जड होतं. म्हणून छाती पुष्कळदा इंजेक्शन थांबल्यावर दुखू लागते आणि पोरगं म्हणतं, आता तर मी काहीच घेत नाही! इंजेक्शन चालू असताना ऑपरेशन केलं तर उरलेली ग्रंथी पुन्हा वाढू शकते.

तुमचे खरे उपकार वेळेचे आहेत. ग्रंथी नवी, दुखरी असते तोवर इस्ट्रोजेनचा परिणाम रोखणाऱ्या टॅमॉक्सिफेनसारख्या गोळीचा उपयोग होऊ शकतो. साधारण १० ते २० मिलिग्रॅम रोज, तीन ते सहा महिने, तेही देखरेखीखाली. तिच्याने रक्तात गुठळी होऊ शकते, त्यामुळे मेडिकलमधून परस्पर घ्यायची ही गोळी नव्हे. वर्ष उलटलं की ग्रंथीत तंतू माजतात आणि मग गोळी फारसं काही करत नाही, उरतं ऑपरेशन.

ऑपरेशनमध्ये आधी सलाईनमध्ये अ‍ॅड्रेनॅलिन आणि भूल मिसळून ते चरबीत भरतात, म्हणजे रक्तस्राव कमी होतो. मग लायपोसक्शन, म्हणजे नळीने चरबी ओढून काढणं. शेवटी स्तनाग्राभोवतीच्या काळसर भागाच्या खालच्या कडेवर अर्धगोल चीर देऊन ग्रंथी काढायची. ही चीर वेबस्टर यांनी १९४६ मध्ये वर्णिली, आजही तीच चालते. नुसती चरबी ओढून ग्रंथी तशीच ठेवली, तर स्तनाग्र टोकदारच राहतं. उलट हात सैल सोडून सगळंच खरवडलं, तर तिथे बशीसारखा खड्डा पडतो आणि तो भरणं मूळ ऑपरेशनपेक्षा अवघड. म्हणून स्तनाग्राखाली साधारण एक सेंटिमीटर जाडीचा थर मुद्दाम ठेवतात. काढलेली ग्रंथी पॅथॉलॉजीला पाठवायचीच, पोरगं कितीही तरुण असो.

आता तुमचा नेहमीचा प्रश्न, आखाड्यात कधी? ऑपरेशननंतर पहिल्या दिवशी एक बाजू अचानक फुगली, ताणली, ठणकू लागली तर आत रक्त साचलंय, रात्रीचे दोन वाजले तरी निघायचं. दुसऱ्या दिवसापासून चालणं, आठवड्याने कॉलेज, तीन आठवड्यांनी हलक्या बैठका. जोर, दांडपट्टा, बेंच प्रेस सहा आठवडे नाही. कुस्ती त्यानंतरही सर्जनने हात लावून पाहिल्यावरच. दाबाचं जाकीट चार ते सहा आठवडे घालायचं. नाशिकच्या एप्रिल-मेमध्ये पोरं ते घामाने वैतागून काढून ठेवतात आणि मग पाणी साचतं. दोन नग घ्यायला सांगा, एक धुवायला. आत पातळ सुती बनियन, सुरकुती न पडता.

पोलीस भरतीच्या पोरांना आणखी एक सांगा. छाती न फुगवता ७९ सेंटिमीटर आणि फुगवून ५ जास्त, हे माप उघड्या अंगाने घेतात. त्या धास्तीने महिनाभर आधी धावत येऊ नका, मैदानी चाचणीच्या आधी निदान तीन महिने तरी हातात ठेवा.

चिठ्ठ्या पाठवत राहा.

आपले,
नाशिकमधील काही सर्जन आणि हॉर्मोनतज्ज्ञ