बाबा, खिशात साखर ठेवा

ती. बाबा आणि आई,
शि. सा. नमस्कार.

परवाच फोन झाला, तरी लिहायला बसले. फोनवर बाबा "बरं बरं" म्हणतात आणि फोन आईच्या हातात देतात, आई "जेवलीस काय?" विचारते आणि माझं बोलायचं तसंच राहतं. आई, हे पत्र चष्मा लावून तू स्वतः वाच. बाबांकडून वाचून घेऊ नकोस, ते मधली वाक्यं गाळतात.

सांगायचं ते आधी सांगून टाकते. कारल्या-जांभळाच्या रसाच्या बाटल्या आता येणार नाहीत. मी बंद केल्या, तुम्हाला न विचारता. बाबांना राग येईल हे मला माहीत आहे. पण सुरूही मीच केल्या होत्या. दोन वर्षांपूर्वी फोनवर कुणाचं तरी बोलणं ऐकलं, साखर मुळापासून जाते म्हणे, आणि दूर पुण्यात बसून तुमच्यासाठी काहीतरी करतेय एवढ्या समाधानात मी पैसे भरले. विचारायला हवं होतं ते डॉक्टरांना. नाही विचारलं. त्याबद्दल मला माफ करा.

त्या पहाटेचं सगळं शेजारच्या वैनींनी सांगितलं. दूध काढताना बाबा घामानं निथळले, जीभ जड झाली आणि गोठ्याच्या दारातच बसले. आई, तू धावत लिंबू पिळून कोमट पाणी दिलंस. हाताशी होतं ते दिलंस, तुझं काही चुकलं नाही. साखर घातली नाहीस, कारण घरात साखर नव्हतीच. पांढरं विष म्हणून डबा घासून पालथा घातला होता. वैनींनी त्यांच्या चहाच्या डब्यातली साखर मुठीत आणली, पाण्यात ढवळून पाजली, तेव्हा बाबा भानावर आले. आणि त्यानंतर मोजली तरी साखर 64च होती.

मी डॉक्टरांशी अर्धा तास बोलले. बाबांच्या गोळीत ग्लिमेपिराइड आहे. ती स्वादुपिंडाला ढकलून इन्सुलिन काढायला लावते. तुम्ही जेवलात की नाही, हे ती बघत नाही. संध्याकाळची गोळी घ्यायची आणि अंधार पडल्यावर अन्न विष म्हणून नुसता रस पिऊन झोपायचं, मग रात्रभर साखर खाली खाली जाणारच. कारल्यात साखर उतरवणारं काही असेलही. असेल तर गोळीच्या जोडीला ते जास्तच धोक्याचं. डॉक्टरांनी गोळी बदलून दिली आहे, पण कुठलीही गोळी असली तरी रात्रीचं जेवण सोडायचं नाही. एक भाकरी, आमटी, मूठभर भात. भात बंद नाही बाबा, ताट भरून घेणं बंद.

पहाटे शेतावर राबलेल्या माणसाला स्वतःच्या ताटाची भीती वाटावी, हे मला सहन होत नाही.

गुळाचंही सांगते, कारण आई चहात गूळ घालते आणि "गूळ चालतो" म्हणते. 100 ग्रॅम गुळात 80 ग्रॅमच्या वर साखरच असते. थोडं लोह, थोडी खनिजं, पण चमचाभर गुळातून ती किती मिळणार? बाबांच्या रक्ताला गूळ आणि साखर सारखीच. म्हणून रोजच्या चहात दोन्ही नको. आणि सैंधव. आई, आज्जीचा गळा आठव. 1962 साली सरकारनं गलगंडाविरुद्ध कार्यक्रम सुरू केला आणि आयोडीनचं मीठ दिलं, ते उगीच नाही. सैंधवातही जवळजवळ सगळं तेच मीठ, त्यामुळे रक्तदाबाला ते सोसतं असं नाही, वर आयोडीनला मुकतो आपण. पिशवीतलं साधं आयोडीनयुक्त मीठच आण, फक्त हात आखडता घे. दोघांचं मिळून दिवसाला दोन चमच्यांच्या आत, लोणचं-पापडातलं धरून.

आता तुझं. अंड्यातला पिवळा बलक तू मोत्याला घालतेस, असं वैनी म्हणाल्या. आणि दूध कफाचं म्हणून बंद, दही रात्रीचं वाईट म्हणून बंद, डाळ गॅसची म्हणून बंद. मग खातेस काय? दिवाळीला तुला मिठी मारली तेव्हा पाठीची हाडं हाताला लागली. मी काही बोलले नाही, मोरीत जाऊन रडले. तुझं वजन 46 किलो. तेवढ्या वजनाला रोज 38 ग्रॅम तरी प्रथिनं लागतात. एका अंड्यात 6 ग्रॅम, बलकासकट. बलकातल्या कोलेस्टेरॉलची भीती सगळ्या जगानं घेतली होती, पण अमेरिकेनं सुद्धा रोज 300 मिलिग्रॅमच्या आत ही मर्यादा 2015च्या आहारसूचनांतून काढली. तुझं कोलेस्टेरॉल तर व्यवस्थित आहे, कागद माझ्याकडे आहे. तेव्हा रोज एक अंडं, आख्खं. वैनींना सांगून ठेवलंय, आठवड्याला सात देतील, पैसे मी त्यांना दिलेत. त्यांना परत पाठवू नकोस, त्यांना वाईट वाटेल. आपली बेळगावी मसूर आहे, अळसंदे आहेत, हुलग्याचं कढण आहे. तुझ्या हातच्या मसुरीच्या आमटीसारखी आमटी मला पुण्यात अजून कुठं मिळालेली नाही, आणि तूच ती सोडलीस?

बाबा, रताळी गोड म्हणून तुम्ही तोंडाला लावत नाही हे ऐकून तर काही सुचलंच नाही. आपल्या तांबड्या मातीतली रताळी. तुम्ही चुलीच्या निखाऱ्यात खुपसायचा, राखेतून काढून या हातावरून त्या हातावर झेलायचा, फुंकर मारून साल काढायचा आणि पहिला घास माझ्या तोंडात. तुमची बोटं काळी, माझे ओठ काळे. आई दोघांनाही ओरडायची. उकडलेलं अर्धं रताळं खा, त्या जेवणातला भात तेवढा कमी करा. बस्स.

आता नीट ऐका. शर्टाच्या खिशात साखरेची पुडी कायम असू दे, तीन चमचे, कागदात घट्ट बांधून. गोठ्यात जाताना, शेतात जाताना, गल्लीत गप्पा मारायला जाताना सुद्धा. घाम सुटला, हात थरथरले की तिथंच बसायचं आणि ती पाण्यातून घ्यायची. पाणी नसलं तर तशीच चघळायची. पंधरा मिनिटांनी मोजायचं, 70च्या वर आली नाही तर पुन्हा तेवढीच, मग भाकरी. आई, ते शुद्धीवर नसतील तर तोंडात थेंबही घालू नकोस. वैनींना हाक मार आणि गाडी बोलाव. आणि घरात साखरेचा डबा भरून ठेव, दिसेल असा, देव्हाऱ्याच्या खालच्या फळीवर.

मी बोलले त्यात काही टोचलं असेल तर लेकराचं म्हणून पोटात घाला. पुढच्या आठवड्यात वंदे भारतने येते, चार दिवस राहते. बाबा, स्टेशनवर येऊ नका, मी रिक्षानं येईन. येताना खडे बाजारातून कुंदा आणणार आहे, आईसाठी. तुम्हाला एक चमचा देईन, जेवण झाल्यावर, माझ्यासमोर.

मसूर भिजत घालून ठेव, आई.

तुमची,
बाळी