गाव नको, वाडी मोजा

राजापूर तालुका, जि. रत्नागिरी

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू विचारलंस, "गावात टॉवर आलाय ना, मग उपग्रहाच्या इंटरनेटचा एवढा आग्रह कशाला?" उत्तर द्यायच्या आत फोन कट झाला, म्हणून सविस्तर लिहितोय. शिवाय तू वकील आहेस आणि तुझ्याकडून एक काम करून घ्यायचंय.

टॉवर आलाय, पण सड्यावर. वर फुल रेंज, पाखाडी उतरून खाडीकडे आलास की काही नाही. आपली गावं घाटावरच्यासारखी एका जागी वसलेली नाहीत. एक वाडी डोंगराच्या पोटात, दुसरी खाडीला लागून, मध्ये वहाळ आणि चढण. सरकारी कागदावर मात्र गाव एकच. त्याच्यापुढे "नेटवर्क आहे" असं एकदा लिहिलं की खालच्या वाड्यांची कुणी चौकशी करत नाही.

खालच्या वाडीतल्या रेशन दुकानात बघितलेलं सांगतो. एका म्हातारीने मशीनवर अंगठा ठेवला. चक्र फिरत राहिलं. तिने अंगठा पदराला पुसला, परत ठेवला, मग दुसऱ्या हाताचा ठेवून बघितला. भांगलणी करून रेषा झिजल्या असाव्यात, असं ती आपणहून सगळ्यांना सांगत होती. तिच्या बोटांचा काहीच दोष नव्हता रे. शेवटी दुकानदार मशीन उचलून पाखाडीच्या वळणापर्यंत चढला आणि ती गुडघे धरत त्याच्यामागे. तिथे अंगठा लागला. हक्काच्या तांदळासाठी ही चढण, तीही त्या वयात. मला ते बघवलं नाही.

आता कायद्याचं. १८८५ चा टेलिग्राफ कायदा जाऊन २०२३ चा दूरसंचार कायदा आला, हे तुला माहीत आहेच. त्यातल्या दोन गोष्टी आपल्या उपयोगाच्या. पहिली, उपग्रह सेवेसाठी लागणाऱ्या रेडिओ लहरी (स्पेक्ट्रम) लिलावाने नव्हे, तर प्रशासकीय पद्धतीने द्यायच्या, असं पहिल्या अनुसूचीत आहे. मला हे पटतं, कारण एकच लहरपट्टा अनेक कंपन्या वाटून वापरू शकतात. त्यावर ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, मे २०२५ मध्ये शिफारस केली की कंपन्यांनी महसुलाच्या ४ टक्के द्यावेत आणि कमी उंचीवरून फिरणाऱ्या उपग्रहांच्या सेवेत शहरातल्या प्रत्येक ग्राहकामागे वर्षाला आणखी ५०० रुपये. ग्रामीण ग्राहकाला त्यातून सूट.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. जुना सार्वत्रिक सेवा निधी आता डिजिटल भारत निधी झालाय. अपुरी सेवा असलेल्या ग्रामीण आणि दुर्गम भागांत सेवा पोचवणं हे त्याचं काम कायद्यातच लिहिलंय. कंपन्यांकडून घेतलेल्या पैशातून तो उभा राहतो. अशा भागांत उपग्रहाच्या डिशसाठी अनुदान देण्याचा विचार सरकारने करावा, असंही ट्रायने सुचवलंय. म्हणजे वाट आहे, पैसाही आहे. पण सेवा अपुरी आहे हे गावावर ठरवायचं की वाडीवर, ते कायदा सांगत नाही. माझं सगळं म्हणणं तिथेच अडकलंय. गाव धरून मोजलं, तर आपण कधीच यादीत येणार नाही.

नोव्हेंबर २०२५ मध्ये राज्य सरकारने स्टारलिंक या उपग्रह इंटरनेटच्या कंपनीबरोबर इरादापत्र केलं. त्यात गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव, वाशिम ही नावं आली. त्यांना आधी मिळू दे, गडचिरोलीची गरज आपल्यापेक्षा मोठी आहे. पण पुढच्या यादीत कोकणातल्या वाड्या याव्यात म्हणून आत्ताच बोललं पाहिजे.

डिशने सगळं सुटेल असं मात्र मी म्हणत नाही. हे उपग्रह साधारण ५५० किलोमीटरवरून फिरतात, जुने होते ३६ हजारांवर, म्हणून बोलणं आणि व्हिडिओ अडखळत नाही. पण डिशला वर मोकळं आकाश लागतं, आणि आपल्या परसात माड, पोफळी, फणस. जुलैतल्या मुसळधार पावसात सिग्नल कमजोर पडतो. लाईट गेली की डिशही बंद. घराघरांत ती परवडणारही नाही. म्हणून माझी मागणी साधी आहे: रेंज नसलेल्या प्रत्येक वाडीत एक सार्वजनिक डिश, शाळेच्या नाहीतर आरोग्य उपकेंद्राच्या छपरावर, सोबत सौर पॅनेल आणि बॅटरी, सगळा खर्च निधीतून. बंदराच्या वाडीत ती मच्छीमार सोसायटीवर बसवावी, म्हणजे वादळाचा इशारा वेळेवर कळेल आणि घरच्यांना होड्यांची खबर मिळेल. ३ जून २०२० चं निसर्ग वादळ आठव. श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडे खांब आडवे झाले, मोबाईल बंद पडले, आणि मुंबईतली माणसं घरच्यांचा आवाज ऐकायला दिवसचे दिवस तळमळत होती. तेव्हा वाडीत अशी एक डिश असती, तर निदान "सगळे सुखरूप" एवढं तरी कळवता आलं असतं.

तर काम असं. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत ठराव मांडायचाय. मसुदा तू कर. कायद्याचं कलम नीट घाल, आणि वाडी हाच घटक धरून पाहणी व्हावी ही मागणी पहिल्याच परिच्छेदात असू दे. कुठल्या वाडीत कुठल्या कंपनीची रेंज येते, याची नोंद शाळेतली मुलं आणि मी मिळून करतोय, तो तक्ता ठरावाला जोडू. सरपंचांशी बोललोय, ते तयार आहेत. शेजारच्या दोन ग्रामपंचायतींनाही तोच मसुदा देईन. प्रत जिल्हाधिकाऱ्यांना आणि खासदारांना जाईल. निधीच्या प्रशासकांना थेट पाठवता येते का, तेवढं बघून ठेव.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. मसुदा सभेच्या आठ दिवस आधी मिळाला, तर वाड्यावाड्यांत वाचून दाखवता येईल.

तुझा,
बाबू