आमच्या शाळेची पुस्तके वाचवणाऱ्या बाइंडरदादांस

सप्रेम नमस्कार.

येत्या ३१ मे रोजी मी सेवानिवृत्त होत आहे. निरोपसमारंभात बाईंना काय द्यायचे, याची चर्चा पालकांमध्ये गेले पंधरा दिवस चालू आहे. कोणी साडी म्हणते, कोणी चांदीचे निरांजन, कोणी भिंतीवरचे घड्याळ. त्या सर्वांना उत्तर देण्यापूर्वी मला तुम्हांला हे पत्र लिहावेसे वाटले, कारण शाळेला आणि शाळेतल्या शिक्षकांना काय द्यावे हे तुम्ही इतकी वर्षे गाजावाजा न करता दाखवत आला आहात, आणि मी मात्र तुमचे आभार नेहमी जिन्यात उभ्या उभ्या, घाईघाईने मानत आले. हे पत्र सर्वांनी वाचावे असे मला वाटते, म्हणून ते उघडपणे लिहिते आहे. "माझं नाव कुठं लिहू नगा बाई," असे तुम्ही बजावले आहे, तेव्हा नाव घालत नाही. पेठेतल्या लोकांना ते कळेलच, त्याला माझा इलाज नाही.

राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर गेले की इशारा आणि ४३ फुटांवर गेले की धोका, हे कोल्हापुरात पंचगंगेच्या बाजूला राहणाऱ्या पोराटोरांनाही पाठ असते. ऑगस्ट २०१९ मध्ये ते ५५ फुटांच्याही वर गेले. आमच्या शाळेच्या तळमजल्यावरचे ग्रंथालय म्हणजे एक खोली आणि चार लाकडी कपाटे. ती कपाटे कित्येक दिवस पाण्यात उभी होती. आम्ही शिक्षक तेव्हा पूरग्रस्तांच्या निवारा केंद्रांवर कामाला होतो, आणि शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ मध्ये आपत्तीतील मदतकार्याला तशी मुभाही आहे, त्यामुळे त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण पाणी ओसरल्यावर मी त्या खोलीत शिरले तेव्हा लाकूड फुगून दारे आवळून बसली होती आणि ती पहारीने उघडावी लागली. आत पुस्तके फुगून एकमेकांत अशी घट्ट रुतली होती की एक ओढले तर त्याची पाठ हातात यायची. त्या चिखलाचा वास मला आजही पहिला मोठा पाऊस पडला की आठवतो. बाहेर रस्त्यावर गाद्या, धान्य, कपडे, सगळ्यांचे ढीग पडले होते आणि कचऱ्याच्या गाड्या फेऱ्या मारत होत्या. पुस्तकांची यादी करून ती बाद करावीत, असे बहुतेकांचे मत पडले, आणि खरे सांगायचे तर माझेही तेच मत होते.

तुम्ही त्या दिवशी शाळा कधी सुरू होणार एवढेच विचारायला आला होता. तुमच्या स्वतःच्या दुकानात पाणी शिरले होते, कागदाची रिमे भिजली होती, कटिंग मशिन गाळात होते, हे मला नंतर दुसऱ्यांकडून समजले. तुम्ही ढिगातले एक पुस्तक उचलून दोन्ही तळहातांमध्ये दाबून पाहिलेत आणि म्हणालात, "कागद भिजून मरत न्हाई बाई, भिजून पडला की मरतोय. आज आणि उद्या, दोनच दिवस हाईत आपल्याकडं. मग बुरशी धरंल."

पुढचे दोन दिवस माझ्या नोकरीतले सर्वांत चांगले शिक्षण मला देऊन गेले. पुस्तक मिटलेलेच घट्ट धरून आधी स्वच्छ पाण्यात बुडवायचे, म्हणजे कडांवरचा गाळ सुटतो आणि पानांत शिरत नाही, हे मला माहीत नव्हते. भिजलेले पुस्तक पुन्हा पाण्यात घालताना पाहून आमच्या एका सहकारी बाई तुमच्यावर चक्क ओरडल्या होत्या. उपसा केंद्रे पाण्याखाली गेल्यामुळे तेव्हा शहरात नळाला पाणी नव्हते आणि पिण्याचे पाणी टँकरने येत होते, म्हणून तुम्ही शेजारच्या वाड्यातल्या बोअरचे पाणी बादल्यांनी आणवलेत. उन्हात ठेवू नका, पुठ्ठा वाकडा होईल, असे सांगून वरच्या मजल्यावरच्या व्हरांड्यात पुस्तके पंख्यासारखी उघडून उभी करायला लावलीत, दर वीस-पंचवीस पानांमागे एक कोरडा वर्तमानपत्राचा कागद घालायला आणि तो ओला झाला की बदलायला शिकवलेत. पातळ पुस्तके दोरीवर कपड्यांसारखी लटकत होती. गुळगुळीत कागदाची चित्रांची पुस्तके मात्र पाने चिकटून विटेसारखी झाली होती. ती तुम्ही हातात घेऊन बराच वेळ पाहिलीत आणि बाजूला ठेवलीत. ती गेलीच. बाकीची वाळल्यावर दोन फळ्यांच्या मध्ये ठेवून त्यांवर कागदात गुंडाळलेल्या विटा रचल्या, कारण पुस्तके दाबायचा तुमचा शिकंजा अजून गाळातून निघायचा होता. दाखल नोंदवहीशी ताळा केला तेव्हा निम्म्याहून अधिक पुस्तके परत कपाटात जाण्यासारखी झाली होती.

त्यानंतर आले ५ सप्टेंबर. डॉ. राधाकृष्णन यांचा जन्मदिवस १९६२ पासून शिक्षक दिन म्हणून पाळला जातो, आणि त्या दिवशी आमच्या टेबलावर काय काय जमते हे प्रत्येक शिक्षकाला ठाऊक आहे: गुलाबाची फुले, पेन, शुभेच्छापत्रे, कपांचे खोके. मुलांनी स्वतःच्या हाताने आणलेल्या एकाही फुलाला मी कधी कमी लेखलेले नाही. "बाइ तुम्हि रागवता पण नंतर हासता" असे लिहिलेला वहीचा एक कागद माझ्या कपाटात आजही आहे आणि तो मी घरी नेणार आहे. मला टोचते ती वर्गणी. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत, दुसऱ्या एका शाळेत असताना, माझ्या वर्गाने प्रत्येकी पैसे गोळा करून मला भेट दिली. त्या दिवशी एक मुलगी गैरहजर होती, आणि पुढे कधीतरी मंडईत तिची आई भेटली तेव्हा मला कळले की वर्गणीचे पैसे नव्हते म्हणून ती पोर तापाचे निमित्त करून घरी राहिली होती. ती वस्तू मी परत करू शकले नाही, कारण ती कोणाची म्हणून परत करायची हाच प्रश्न होता. तेव्हापासून दर ऑगस्टच्या अखेरीस मी वर्गात वर्गणी बंद असल्याचे सांगत आले. शासकीय सेवकांसाठी १९७९ चे वर्तणूक नियम आहेत आणि त्यांत भेटवस्तू घेण्यावर बंधनेही आहेत, पण मला ती आठवण कोणत्याही नियमापेक्षा जास्त बांधून ठेवते.

त्या वर्षीच्या शिक्षक दिनाला तुमची मुलगी, तेव्हा चौथीत होती, रिकाम्या हाताने आली आणि तुमचा निरोप सांगून गेली: "बाबा दर शनिवारी येणार हाईत, पुस्तकं शिवायला." शाळा शनिवारी सकाळची असते. साडेअकराला मुले बाहेर पडत आणि तुम्ही आत येत. सतरंजी अंथरून, चष्मा कपाळावरून नाकावर घेऊन, दाभण आणि दोरा काढून तुम्ही बसायचात. सुटे झालेले सोळा पानी फर्मे, म्हणजे दुमडलेल्या पानांचे जुडगे, लावून घ्यायचे, पाठीला भोके पाडायची, प्रत्येक फर्मा दोऱ्याने पुढच्याशी जोडणारी जुजबंदी शिलाई घालायची, मग कापडी पट्टी, अस्तर आणि पुठ्ठा. खळ तुम्ही घरून शिजवून आणत होता, तिच्यात कसर लागू नये म्हणून विषारी मोरचूद घातलेला असे, आणि कोणी मूल डब्याजवळ आले की तुमचा आवाज एरवी कधी चढत नाही तेवढा चढत असे. एका दुपारी मोठ्या मुश्किलीने पाच-सहा पुस्तके व्हायची. दुकान उभे करायचे असताना, प्रत्येक शनिवारची अर्धी कमाई बुडवून तुम्ही हे काम केलेत. मजुरीचा विषय मी दोनदा काढला. दुसऱ्यांदा तुम्ही दाभण खाली ठेवलीत आणि म्हणालात की पोरीला वाचायला तुम्ही शिकवलं, मला कोण शिकवणार हुतं. तुमचे शिक्षण सातवीत सुटले हे मला त्या दिवशी समजले.

आपल्या जिल्ह्यातल्या कुंभोजला जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली, आणि तिच्या वसतिगृहांतल्या मुलांसाठी लोक घराघरांतून मूठ मूठ धान्य बाजूला काढत, त्याला मुष्टिफंड म्हणत. त्याआधी दोनच वर्षे, १९१७ मध्ये, शाहू महाराजांनी करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे करण्याचा निर्णय घेतला होता. ही माहिती मी दरवर्षी २६ जूनला मुलांना सांगत आले, पण राजाने शाळा काढली तरी तिच्या अंगणात मूठ आणून टाकणारी माणसे लागतात, याचा अर्थ मला सतरंजीवर बसलेल्या तुमच्याकडे पाहून कळला.

दुसऱ्या वर्षीपर्यंत गोष्ट पुस्तकांपुरती राहिली नाही. मोठ्या वर्गांतली दोन-तीन मुले घरी जायची सोडून तुमच्याजवळ घुटमळू लागली, आणि तुम्ही त्यांच्या हातात सुई दिलीत. कार्यानुभवाच्या तासाला आम्ही कागदी फुले करून घेत होतो. तुम्ही त्याच मुलांकडून वर्षअखेरीस वह्यांतली कोरी पाने काढून घेऊन त्यांच्या नव्या वह्या शिवून घेतल्यात. जून महिन्यात ज्या घरांत वह्या घेणे जड जाते, त्या घरांतल्या मुलांना त्या वह्या मिळाल्या, आणि त्या कोणाकडून मिळाल्या हे त्यांना कळणार नाही याची काळजीही तुम्हीच घेतलीत. बालभारतीतर्फे १९७१ पासून निघणाऱ्या मुलांच्या मासिकाचे जे जुने अंक वरच्या मजल्यावर असल्यामुळे वाचले होते, त्यांचे तुम्ही वर्षवार बांधलेले खंड आज आमच्या ग्रंथालयात सर्वांत जास्त फिरतात.

तुमच्यामुळे बाकीच्यांचीही भीड चेपली, हे मला आवर्जून लिहायचे आहे. कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत पंचाहत्तर टक्के सदस्य पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया असतात, पण रोजंदारी बुडवून सभेला येणे कोणाला परवडते? सभेला या म्हटले की लोक संकोचतात. तुमच्या हातात जे काम आहे ते घेऊन या म्हटले की येतात. उद्यमनगरात वेल्डिंग करणाऱ्या एका वडिलांनी रविवारी येऊन लोखंडी रॅक भिंतीला जमिनीपासून चांगले उंच ठोकून दिले. एक आजी बुधवारी दुपारी येऊन पहिलीच्या मुलांना गोष्टी सांगू लागल्या, आणि त्यांच्या गोष्टी ऐकायला दुसरीतली मुलेही दारात उभी राहत.

आणि मग जुलै २०२१. करोनामुळे वर्ग बंद होते, शाळेत मुले नव्हती, आणि पाणी पुन्हा चढू लागले. त्या संध्याकाळी मी शाळेत पोहोचले तेव्हा जिन्यावर पालकांची रांग लागली होती आणि पुस्तके एका हातातून दुसऱ्या हातात वरच्या मजल्यावर जात होती. तुम्ही खालच्या पायरीवर होता, पावसात भिजत, पण पुस्तकांवर मेणकापड टाकून. या वेळीही पाणी ग्रंथालयात शिरले. खोलीत होते ते फक्त रिकामे रॅक.

दादा, तुमची मुलगी आता मोठी झाली. ती आमच्या शाळेतून गेली त्याला कितीतरी वर्षे झाली, तरी तुम्ही शनिवार मोडला नाहीत. आपले मूल बाहेर पडले की पालकांचे येणे थांबते, यात गैर काहीच नाही, सगळ्यांचे तसेच असते. म्हणूनच तुमचे येत राहणे मला फार मोठे वाटते. तुम्ही मला एकही वस्तू दिली नाहीत आणि माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षांत मला एकटे वाटू दिले नाहीत. त्याबद्दल मी मनापासून तुमची ऋणी आहे.

निरोपसमारंभाच्या भेटीबद्दल मी पालकांना असे कळवते आहे की साडी नको, निरांजनही नको. द्यायचेच असेल तर ज्याला जमेल त्याने वर्षातला एखादा शनिवार ग्रंथालयाला द्यावा, आणि ज्याला जमणार नाही त्याने मनात काहीही आणू नये. कोणाची नावे कोणत्याही कागदावर मांडू नयेत, अशी विनंती मी मुख्याध्यापकांनाही केली आहे.

तुमच्यासाठी काही व्यवहाराच्या गोष्टी. कपाटाची चावी ३१ मेनंतर तिसरीच्या नव्या बाईंकडे असेल, त्यांना तुमच्याबद्दल सर्व सांगितले आहे. पुठ्ठे आणि कापडी पट्टीचा गुंडाळा वरच्या खणात ठेवला आहे, खळीचा डबा मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी हलवला आहे. तिसऱ्या रॅकवर २०१९ च्या पुरातली अठरा-वीस पुस्तके अजून शिवायची राहिली आहेत. शाळा १५ जूनला उघडेल. त्यानंतरच्या पहिल्या शनिवारी साडेअकराला मी येईन, शिक्षिका म्हणून नव्हे, तुमच्याकडे जुजबंदी शिकायला. सतरंजीवर जागा ठेवा.

आपली नम्र,
चौथीच्या वर्गाच्या बाई
कोल्हापूर