तीन सह्या, सहा मतं

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

सहकार खात्यात आयुष्य घालवल्यावर निवृत्तीत तरी गृहनिर्माण सोसायट्यांच्या भानगडींपासून लांब राहावं, असं तुमच्या घरच्यांना वाटत असणार. तरी तुम्ही आमच्यासाठी आणि शेजारच्या सोसायट्यांसाठी रविवारच्या सकाळी दिल्यात, चहाखेरीज काही घेतलं नाहीत. त्याबद्दल मनापासून आभार. पत्र उघडं लिहितोय, कारण सोसायटीची कमिटी, म्हणजे व्यवस्थापन समिती, कशी येते आणि कशी जाते याचं तुम्ही समजावलेलं गणित आमच्या एका गेटापुरतं नाही.

तुमच्याकडे येणारा प्रत्येक जण एकच प्रश्न घेऊन येतो: "ही कमिटी घालवायची कशी?" तुमचं उत्तरही ठरलेलं: "आधी ती आली कशी ते दाखवा. निवडणुकीची फाइल आणा." निम्मी प्रकरणं त्या फाइलपाशीच थांबतात, कारण फाइल नसते.

म्हणून आधी येण्याबद्दल. नव्या इमारतीत ५१ टक्के सदनिकांचं बुकिंग झालं की तीन महिन्यांत संस्था स्थापन करण्याची पावलं विकासकाने उचलायची असतात. नोंदणी झाल्यापासून तीन महिन्यांत मुख्य प्रवर्तकाने, म्हणजे संस्था नोंदवायला पुढाकार घेणाऱ्याने, पहिली सर्वसाधारण सभा बोलवायची. तिथे निवडली जाते ती हंगामी समिती. ती नेहमीची कमिटी नव्हे, हे तुम्ही किती वेळा सांगितलं असेल! हंगामी समितीचं काम मर्यादित: ताबा घेणं, दप्तर उभं करणं, खातं उघडणं आणि नियमित निवडणूक लावणं. हंगामी मंडळीच वर्षानुवर्षं कारभार करत राहिली की त्यांच्या प्रत्येक ठरावावर बोट ठेवायला जागा मिळते.

नियमित समितीत किती जण, हे आदर्श उपविधींत (संस्थांच्या नमुना नियमावलीत) सभासदसंख्येवर ठरतं. १०० सभासदांपर्यंत ११, १०१ ते २०० ला १३, २०१ ते ३०० ला १५, ३०१ ते ५०० ला १७ आणि त्यापुढे १९. अकरातल्या सहा जागा सर्वसाधारण, दोन महिलांच्या, आणि अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग, भटक्या-विमुक्त जाती व विशेष मागास प्रवर्ग यांना एकेक. छोट्या सोसायटीत राखीव प्रवर्गातला सभासद नसेल तर ती जागा रिकामी ठेवायची, दुसऱ्या कोणाला बसवून भरायची नाही. गणपूर्तीच्या (सभेला लागणाऱ्या किमान हजेरीच्या) हिशेबात ती धरत नाहीत. तुम्ही इथे बजावायचात की आदर्श उपविधी म्हणजे नमुना. निबंधकांचा, म्हणजे सहकारी संस्थांची नोंदणी पाहणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यांचा, शिक्का असलेली स्वतःच्या संस्थेची प्रत काढा आणि तिच्यातला आकडा धरा. २०१४ चे उपविधी न स्वीकारता जुन्याच प्रतीवर चालणाऱ्या सोसायट्या अजून सापडतात.

मुदत पाच वर्षं. पाच वर्षांची मुदत आणि जास्तीत जास्त २१ सदस्य, ही चौकट ९७ व्या घटनादुरुस्तीमागून राज्याच्या कायद्यात आली. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये त्या दुरुस्तीतला राज्यांतर्गत सहकारी संस्थांचा भाग रद्द केला, तेव्हा काही अध्यक्षांना वाटलं की मुदतही गेली. मुदत गेली नाही, कारण ती महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० मध्येच लिहिलेली आहे. पाच वर्षं भरली की समितीचं पद आपोआप संपतं, कोणी हटवण्याची वाट बघावी लागत नाही. त्यासाठी मुदत संपण्याच्या सहा महिने आधी निवडणुकीची तयारी सुरू करायची आणि तसं लेखी कळवायचं. २५० सभासदांपर्यंतच्या संस्थांना निवडणूक स्वतः घेण्याची मुभा आहे, पण निवडणूक निर्णय अधिकारी स्वतः उमेदवार नसावा आणि कागद पुरे असावेत.

मतदार यादीची गोम तर तुम्ही रजिस्टर उघडून दाखवलीत. आय नमुन्यात, म्हणजे सभासदांच्या नोंदवहीत, गेल्या दशकात वारलेल्या सभासदांची नावं तशीच, विकलेल्या फ्लॅटचं हस्तांतरण अर्धवट, संयुक्त मालकांत पहिलं नाव कोणाचं यावर भावाभावांत वाद. यादी प्रसिद्ध होण्याआधी या नोंदी दुरुस्त झाल्या नाहीत की पुढचा हरकतींचा सगळा खेळ यांच्यावरच चालतो. थकबाकीचंही तेच. तीन महिने पैसे थकवलेल्या थकबाकीदाराला उभं राहता येत नाही, पण ते तीन महिने केव्हापासून मोजायचे? लेखी मागणी पोचली तेव्हापासून. पोच नसेल तर छाननीत उमेदवारी अर्ज फेटाळून उपयोग नाही, पुढे तो टिकत नाही. बिल वादातलं असेल तर हरकत नोंदवून रक्कम भरावी आणि अर्ज सुरक्षित ठेवावा, हा तुमचा सल्ला आम्ही सूचना फलकावर लावलाय. दोनपेक्षा अधिक अपत्यांची अट गृहनिर्माण संस्थेच्या समितीलाही लागू होते, हे मात्र बऱ्याच उमेदवारांना छाननीच्या टेबलाशीच कळतं!

निवडणुकीवरच आक्षेप असेल तर उपनिबंधकांच्या दारात जाऊन फायदा नाही. तो वाद सहकार न्यायालयाचा, आणि निकाल जाहीर झाल्यापासून दोन महिन्यांत न्यावा लागतो. अर्ज चुकीच्या टेबलावर पडून दोन महिने जातात, हे तुम्ही दरवेळी कपाळावर हात मारून सांगायचात.

आता जाण्याबद्दल. सर्वात मोठा गैरसमज तुम्ही पहिल्याच दिवशी मोडलात: सर्वसाधारण सभेत हात वर करून कमिटी पडत नाही. एक-पंचमांश सभासदांनी लेखी मागणी केली की महिन्याच्या आत विशेष सर्वसाधारण सभा बोलवावी लागते, तिथे जाब विचारता येतो, खर्चाला नकार देता येतो. अविश्वास ठराव मात्र समितीच्या आतला मामला. तो अध्यक्ष, सचिव, खजिनदार अशा पदाधिकाऱ्यावर येतो आणि समिती सदस्यच त्यावर मत देतात. शिवाय ठराव मंजूर झाला तरी त्या माणसाचं पद जातं, समितीतली जागा जात नाही. अध्यक्षांना उतरवलं म्हणून पेढे वाटणाऱ्यांना पुढच्या मासिक सभेत तेच गृहस्थ समोर बसलेले दिसतात.

तुमचा तो पाठकोरा कागद आमच्या फाइलमध्ये जपून ठेवलाय. त्यावर इतकंच: ११, ८, ३, ६. समितीच्या जागा ११, त्यातल्या तीन रिकाम्या, म्हणजे आज बसण्याचा आणि मत देण्याचा हक्क असलेले ८. सभेची मागणी करायला एक-तृतीयांश सह्या लागतात. आठाचा तिसरा हिस्सा २.६७, म्हणजे तीन सह्या. ठराव मंजूर व्हायला दोन-तृतीयांश, ५.३३, म्हणजे सहा मतं. आणि इथेच लोक फसतात, कारण दोन-तृतीयांश हजर असलेल्यांचे नसून एकूण आठांचे. सभेला सहा जण आले, पाच बाजूने आणि एक विरुद्ध, तर टाळ्या वाजतात आणि ठराव पडलेला असतो. गैरहजर राहणारा माणूस गुपचूप विरोधातच मोजला जातो. म्हणून मागणीवर तीन सह्या गोळा करण्याआधी सहावं मत कुठून येणार, ते वहीत लिहून ठेवा, असं तुम्ही सांगत होतात.

मागणी द्यायची ती निबंधकांकडे, म्हणजे आपल्या विभागाच्या उपनिबंधक कार्यालयात, विहित नमुन्यात. अध्यक्षांच्या हातात देऊन काही होत नाही. मिळाल्यापासून सात दिवसांत निबंधक सभेची नोटीस काढतात आणि नोटिशीपासून १५ दिवसांच्या आत सभा होते. अध्यक्षस्थानी निबंधक किंवा त्यांनी नेमलेला, सहायक निबंधकापेक्षा खालच्या दर्जाचा नसलेला अधिकारी. त्याला मत नाही. सभा कोणत्याही कारणाने तहकूब होत नाही, हे फार महत्त्वाचं, कारण "पुढच्या रविवारी बघू" ही आपली जुनी सवय. कोणी बाजूने आणि कोणी विरुद्ध मत दिलं, ती नावं सभेत वाचून इतिवृत्तात लिहितात. गुप्त चिठ्ठ्यांची अपेक्षा ठेवून आलेले दोन-तीन सदस्य इथे कच खातात. पद स्वीकारल्यानंतर सुरुवातीच्या काळात अविश्वास आणता येत नाही, आणि फेटाळला गेला तर लगेच दुसराही आणता येत नाही. या मुदती कायदादुरुस्तीत बदलतात, म्हणून अर्ज देण्याच्या दिवशी लागू असलेलं कलम वाचूनच तारीख धरा, हे तुमचं पालुपद आता आम्हीही इतरांना ऐकवतो. २०१९ मध्ये गृहनिर्माण संस्थांसाठी प्रकरण तेरा-ब वेगळं घातलं गेलं, तरी अजून जुन्या पुस्तकातले कलम क्रमांक घालून अर्ज लिहिणारे आहेतच.

अख्खी समिती घालवायचा रस्ता निराळा, कलम ७८-अ चा. सतत कसूर, कर्तव्यात हयगय, संस्थेच्या हिताला बाधक कृत्य, निबंधकांच्या निर्देशांची मुद्दाम अवज्ञा, अशी कारणं लागतात. अध्यक्ष उद्धट बोलतात, हे कारण नव्हे. कारणे दाखवा नोटीस निघते, उत्तराला १५ दिवस मिळतात, संस्था ज्या संघाची सभासद आहे त्या संघाशी विचारविनिमय होतो आणि मग आदेश. समितीच्या जागी सभासदांची तिघांची किंवा अधिक जणांची समिती येते किंवा प्रशासक, सहा महिन्यांसाठी. त्या काळात निवडणूक लावणं हे त्यांचं काम. आदेशावर दोन महिन्यांत अपील आहे, त्यामुळे आदेश निघाला म्हणजे संपलं असं नाही. हिशेबात घोळ वाटत असेल तर एक-पंचमांश सभासदांच्या अर्जावर कलम ८३ ची चौकशी मागता येते. तुम्ही नेहमी आधी ही वाट सुचवायचात, कारण चौकशीत निघालेला कागद ७८-अ च्या नोटिशीला आधार होतो. नुसत्या तक्रारींच्या गठ्ठ्याला तेवढं वजन नसतं.

सामूहिक राजीनाम्यांचं शस्त्र तुम्हाला अजिबात आवडत नाही. अकरांतल्या सहांनी राजीनामे दिले की पाच उरतात, गणपूर्ती सहाची, आणि लिफ्ट दुरुस्तीचा चेकही मंजूर करता येत नाही. अध्यक्षांना खिंडीत गाठायला निघालेल्यांच्याच घरात पाणी येत नाही. शिवाय रिकामी जागा उरलेल्या सदस्यांनी नियुक्तीने भरायची तर त्या जागेची मुदत निम्म्यापेक्षा कमी उरलेली असावी लागते, आणि माणूस त्याच प्रवर्गातला हवा. नाहीतर पोटनिवडणूक.

आणि शेवटी दप्तर. मावळत्या आणि नव्या सचिवाने समोरासमोर बसून, यादी करून, दोघांच्या सह्यांनी ताबा घ्यायचा, ही पद्धत तुम्ही इथे रुजवलीत. तुमच्या यादीत आम्ही थोडी भर घातली आहे: इतिवृत्त पुस्तकं, आय नमुना आणि जे नमुना (सभासदांची यादी), भागपत्रांची (शेअर सर्टिफिकेटांची) स्थळप्रत, ठेवपावत्या, अभिहस्तांतरणाची (जमीन-इमारत संस्थेच्या नावावर झाल्याची) कागदपत्रं, मंजूर नकाशे, लिफ्टचा परवाना, विम्याची पॉलिसी, पॅन आणि टॅनचे लॉगिन, सोसायटीच्या ईमेलचा पासवर्ड आणि तो ज्या मोबाइलला जोडलाय तो नंबर. शेवटचं नसेल तर बँकेचा ओटीपी माजी खजिनदारांच्या फोनवर जातो. सही बदलण्याचा ठराव बँकेत पहिल्याच आठवड्यात द्यावा, कारण पंपाचं वीजबिल निवडणुकीसाठी थांबत नाही. दप्तर मिळालंच नाही तर निबंधकांकडे ते ताब्यात घेण्याचे अधिकार आहेत, पण तिथवर जाण्याआधी ताबा यादीची लेखी मागणी केल्याची पोच हातात असावी, हेही तुमचंच.

वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची आहे. त्याआधी एका रविवारी मतदार यादी घेऊन आम्ही तुमच्याकडे येतोय. हस्तांतरणाच्या चार नोंदी अजून अडल्या आहेत; काकूंना सांगा, चहा यावेळी आम्ही आणू.

आपले,
परिसरातल्या सोसायट्यांचे सभासद आणि समिती सदस्य